पॅनेल नको, माणूस पाहा

पुणेकरांनो, येत्या गुरुवारी, 15 जानेवारी 2026 ला, महापालिकेचं मतदान आहे. आठवडाही उरलेला नाही. या निवडणुकीत तुम्हाला एक नाही, चार मतं द्यायची आहेत. कात्रज-आंबेगावच्या प्रभाग 38 मधल्यांना तर पाच. ती सगळी मतं एकाच चिन्हावर डोळे मिटून देऊ नका. प्रत्येक जागेसाठी उभा असलेला माणूस वेगळा पाहा, त्याला वेगळं तोला आणि मग बटण दाबा. एवढी एकच विनंती आहे. ती इतक्या घाईने का करतोय, ते पुढे सांगतो.

आधी एक हिशेब. पुणे महापालिकेत निवडून दिलेला शेवटचा नगरसेवक 14 मार्च 2022 रोजी घरी गेला. तेव्हापासून शहर प्रशासकाच्या ताब्यात आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद 243-यू स्पष्ट सांगतो की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवसही जास्त नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक उरकली पाहिजे. आपल्याकडे ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयातल्या तारखा यांच्या गुंत्यात जवळजवळ चार वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं, पुढे ती मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवून दिली, तेव्हा कुठे हा दिवस उगवतोय. मधल्या काळात दरवर्षी अर्थसंकल्प झालाच. 2025-26 चा पुण्याचा आकडा 12 हजार 618 कोटींचा. तो मांडणाराही आयुक्त आणि मंजूर करणाराही तोच. रस्त्याच्या ठेक्यावर सभागृहात उठून प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. नगरसेवक कितीही नालायक निघाला तरी त्याच्या घराची बेल वाजवता येते, हे या चार वर्षांत आपल्याला चांगलंच कळलंय.

इतकी वाट पाहून मिळालेली संधी आता चिन्हांच्या घाऊक बाजारात घालवू नका, असं माझं म्हणणं आहे. आणि घाऊक बाजारच मांडलाय, कारण प्रभागाची रचनाच तशी आहे.

पुण्याच्या 165 जागांसाठी 41 प्रभाग आहेत. चाळीस प्रभाग चार सदस्यांचे, एक पाचचा. मुंबईत मात्र 227 प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक. एकाच राज्यात, एकाच दिवशी, दोन तऱ्हा. पुण्यात तरी एक तऱ्हा कायम राहिली का? 2002 मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता. 2007 मध्ये एकाचा झाला, 2012 मध्ये दोघांचा, 2017 मध्ये चौघांचा. 2019 मध्ये महाविकास आघाडी सरकारने एक सदस्याचा कायदा केला, 2021 मध्ये त्याच सरकारने तो तीनवर नेला आणि 2022 मध्ये सरकार बदललं तसे आपण पुन्हा चारवर आलो. यातला एकही बदल कुठल्या शहराच्या नागरिकांनी मागितलेला नव्हता. सत्तेवर असलेल्या पक्षाला जी मोजणी फायद्याची वाटली ती त्याने लावली. यात कुठलाही पक्ष सोवळा नाही.

आकाराचाही विचार करा. प्रभाग आखले ते 2011 च्या जनगणनेवर, म्हणजे 34 लाख 81 हजार लोकसंख्या धरून. त्या हिशेबाने चार सदस्यांच्या एका प्रभागात 84 हजारांच्या आसपास माणसं येतात. प्रत्यक्षात पुण्याच्या यादीत आज नुसते मतदारच पस्तीस लाखांहून जास्त आहेत, तेव्हा खरी वस्ती किती असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. आपल्याकडे यापेक्षा लहान नगरपरिषदा आहेत! एवढ्या मोठ्या प्रभागात एखादी शाळेतली बाई किंवा चाळीत वर्षानुवर्षं लोकांची कामं करणारा कार्यकर्ता अपक्ष म्हणून उभा राहिला, तर दहा-बारा दिवसांत तो किती दारांपर्यंत पोचणार? म्हणून सगळं पक्षाच्या यंत्रणेवर येतं आणि यंत्रणा पॅनेल लावते.

पॅनेल कसं लागतं ते तुम्ही गेल्या काही दिवसांत चौकाचौकांत पाहिलंच असेल. एक तगडा उमेदवार असतो. पैसा त्याचा, मंडळं त्याची, रिक्षावर लावलेला भोंगा त्याचा. त्याच्या फ्लेक्सवर खाली तीन छोटे फोटो. त्या तिघांतल्या एकाला तिकीट मिळालं ते त्याच्या जातीच्या दाखल्यामुळे, दुसऱ्याला शेवटच्या रात्री पक्ष बदलून आल्यामुळे, आणि तिसरी बहुधा कुणाची तरी पत्नी, भावजय नाहीतर आई. पुण्यात निम्म्या जागा, 165 पैकी 83, महिलांसाठी राखीव आहेत. ही फार मोठी कमाई आहे आणि सभागृहात खणखणीत बोललेल्या बायका या शहराने पाहिल्या आहेत. पण वहिनींच्या फ्लेक्सवर दादांचा फोटो मोठा असेल, तर नंतर फोन कोण उचलणार हे विचारायला नको का? जागा बाईंची असेल तर उत्तरंही बाईंनीच द्यावीत. प्रचाराला दादा पुढे आले, तर त्यांना नमस्कार करून सांगा, "वहिनींशी बोलायचंय." बहुतेक वेळा त्यानंतरच्या पाच मिनिटांत सगळं समजतं.

चौघांच्या प्रभागाचा खरा त्रास निवडणुकीनंतर कळतो. ड्रेनेज तुंबलं म्हणून एकाला फोन करा, तो सांगतो, "तो भाग आमच्या अमक्यांकडे आहे." अमक्यांना करा, ते म्हणतात, "लाइन मुख्य रस्त्याची आहे, तमक्यांना सांगा." कायद्यात प्रभागाची अशी वाटणी कुठेच नाही. चौघंही अख्ख्या प्रभागाचे नगरसेवक असतात. तरी आपापसांत गल्ल्या वाटून घेतल्या जातात, श्रेय चौघांचं आणि जबाबदारी कुणाचीच नाही. निवडून दिलेले चौघं वेगवेगळे पारखून घेतलेले असतील, तर निदान दोघंतरी आपल्या जिवावर आलेत हे त्यांना माहीत असेल. पॅनेलच्या लाटेत आलेला नगरसेवक पाच वर्षं लाट आणणाऱ्याचं देणं फेडतो.

आता महापौराचं. सध्या दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य "महापौर कोण होणार?" असतं. मतदान यंत्रावर महापौराचं नावच नाही. महापौर निवडतात ते नगरसेवक, आपल्यातूनच एकाला, अडीच वर्षांसाठी. त्याआधी मंत्रालयात सोडत निघते आणि कुठल्या शहराचं महापौरपद कुठल्या प्रवर्गाला, महिलेला की खुलं, हे ठरतं. 2017 मध्ये ही सोडत मतदानाआधीच निघाली होती. यंदा ती निकालानंतर काढणार आहेत. म्हणजे आज शहरात लटकलेल्या एकूण एक "भावी महापौर" फ्लेक्सला काडीचा आधार नाही. ज्यांच्या नावाने लटकलेत त्यांनाही ते ठाऊक आहे. आपण मात्र त्या फ्लेक्सखालून जाताना मनाशी ठरवतो की महापौर आमच्या पक्षाचा व्हावा म्हणून चारही बटणं त्याच चिन्हाची.

तसं होतंच असं नाही. जळगावात 2018 मध्ये मतदारांनी 75 पैकी 57 नगरसेवक भाजपचे निवडून दिले. शिवसेनेचे होते फक्त 15. मार्च 2021 मध्ये महापौर निवडायची वेळ आली तेव्हा भाजपचे सत्तावीस जण फुटले, करोनामुळे सभा ऑनलाइन झाली आणि शिवसेनेच्या उमेदवाराला 45 मतं पडली, भाजपला 30. त्याच्या महिनाभर आधी सांगलीत भाजपकडे बहुमत असताना 39 विरुद्ध 36 मतांनी राष्ट्रवादीचा महापौर झाला. ही दोन उदाहरणं भाजपच्या तोट्याची आहेत, उलट्या दिशेने घडलेलीही कुणाला आठवतील. हात वर करून मतदान असतं, कुणी काय केलं ते सगळ्यांसमोर घडतं, तरी घडतं. सहली काढल्या जातात, नगरसेवक एका रिसॉर्टमधून दुसऱ्या रिसॉर्टमध्ये हलवले जातात. पक्षांतराला लगाम घालणारा कायदा 1986 पासून आहे. निकाल लागला की विभागीय आयुक्तांकडे गट नोंदवावा लागतो, व्हिप काढला जातो. पण फुटलेल्यांना अपात्र ठरवायचं तर सुनावण्या आणि न्यायालयं यांत महापौराची अडीच वर्षं बघता बघता निघून जातात.

यंदा तर राज्यात एकाच मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसणारे पक्ष पुण्यात एकमेकांविरुद्ध उभे आहेत. 16 तारखेला दुपारी मतमोजणी संपेल तेव्हा कोण कुणाबरोबर जाईल, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा चिन्हावर मत देऊन महापौर ठरतो हा भ्रम आधी काढून टाका. त्या सभेत हात वर करणारे 165 जण ठरवतील. ते हात विकाऊ नसतील एवढं पाहणं तुमच्या आमच्या हातात आहे, तेही फक्त गुरुवारी.

कुणी म्हणेल, महापौराला तरी अधिकार किती असतात? खरं आहे. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभा चालवतो, शहराचा मान सांभाळतो, परदेशी पाहुण्यांना पुणेरी पगडी घालतो. पण सर्वसाधारण सभेत कुठला विषय आधी येणार, कुणाला बोलायला मिळणार, गोंधळात ठराव रेटायचा की थांबवायचा, हे त्या खुर्चीवर ठरतं. आणि पैशाच्या नाड्या असतात स्थायी समितीच्या सोळा जणांच्या हातात. ठेके तिथे मंजूर होतात. ते सोळा जणही याच 165 मधून जाणार. बाबूराव सणसांपासून, म्हणजे पहिल्या महापौरापासून, मागच्या सभागृहातल्या मुक्ता टिळक आणि मुरलीधर मोहोळ यांच्यापर्यंत जो कोणी त्या खुर्चीवर बसला, तो आधी कुठल्यातरी वॉर्डातून नगरसेवक म्हणून आला होता. वरचं पीक खालच्या बियाण्यावर येतं.

एक विसंगती इथे नोंदवतो. बारामतीच्या किंवा लोणावळ्याच्या मतदाराने महिन्याभरापूर्वी आपला नगराध्यक्ष थेट निवडला, कारण नगरपरिषदांत तशी तरतूद आहे. (तीही 2006 मध्ये काढली, 2016 मध्ये आणली, 2020 मध्ये काढली, 2022 मध्ये परत आणली!) पस्तीस लाख मतदारांच्या पुण्याला मात्र तो हक्क नाही. थेट महापौर असावा का, यावर मी अजून पुरता ठाम नाही. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं की नगरपरिषदेत कामं कशी अडून राहतात, हे ज्यांनी पाहिलंय ते घाईने हो म्हणणार नाहीत. मुंबई-नागपुरात 1998 मध्ये महापौर परिषदेचा प्रयोगही करून पाहिला, तो लवकरच गुंडाळला. हा वाद नंतर निवांत घालू. गुरुवारी उपलब्ध आहे ते चार बटणांचं यंत्र.

मग या पाच-सहा दिवसांत करायचं काय? पहिलं म्हणजे आज रात्री जेवणानंतर घरात बसून आपला प्रभाग क्रमांक आणि मतदान केंद्र पक्कं करा. विधानसभेला ज्या शाळेत गेला होतात तीच असेल असं धरून चालू नका. प्रभाग नवे आखलेत, केंद्रं हललीत, नवरा एका शाळेत आणि बायको दुसरीत असेही प्रकार आहेत. 2021 मध्ये हद्दीत आलेल्या तेवीस गावांतली मंडळी तर महापालिकेला पहिल्यांदाच मत देणार आहेत. ग्रामपंचायत गेली, कर वाढला, टँकर तोच राहिला, अशी त्यांची तक्रार आहे. त्यांनी तर घरातला एकही माणूस मागे ठेवू नये.

मग उमेदवारांची शपथपत्रं पाहा. प्रत्येकाने अर्जासोबत आपली मालमत्ता, शिक्षण, दाखल असलेले गुन्हे लिहून दिलेत आणि ते नागरिकांना पाहण्यासाठी खुलं असतं. सगळं वाचायला वेळ नसेल तर दोनच रकाने पाहा, गुन्ह्यांचा आणि मालमत्तेचा. मागच्या सभागृहात असलेल्याची तेव्हाची संपत्ती आणि आजची शेजारी शेजारी ठेवा. सोसायटीतल्या एखाद्या तरुण पोरापोरीला हे काम द्या, ती तासाभरात चारही जागांचा तक्ता करून ग्रुपवर टाकतील. सकाळी उठून सुविचार आणि फुलं पाठवणाऱ्या ग्रुपांना एक दिवस हे काम झेपेल.

बुधवारी संक्रांत आहे. घरोघरी वाण पोचायला लागलेत, खेळ पैठणीचा झालेत, देवदर्शनाच्या बसा जाऊन आल्यात. मिळालेलं परत करा असा उपदेश मी करत नाही, तो कुणी ऐकणारही नाही. पण तिळगूळ घ्यायला जो दारात येईल त्याला उंबऱ्यावरच विचारा: स्थायी समितीवर गेलात तर प्रभागातल्या ठेक्यांची माहिती लोकांना देणार का? महापौर निवडताना पक्षाने एक सांगितलं आणि बाहेरून दुसरं काही आलं, तर काय कराल? आणि नंतर कुणाला फोन करायचा, तुम्हाला की तुमच्या साहेबांना? उत्तरापेक्षा चेहरा पाहा. ज्याला प्रश्नाचा राग आला, त्याचं उत्तर मिळालं.

मतदान केंद्रातली पद्धत नीट समजून घ्या, कारण 2017 मध्येही तिथे पुष्कळांचा गोंधळ उडाला होता. जागा चार: अ, ब, क आणि ड. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. उमेदवार जास्त असतील तर टेबलावर दोन-तीन यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली दिसतील. गांगरू नका. प्रत्येक जागेच्या यादीत एकच बटण दाबायचं, दाबलं की त्या नावापुढचा दिवा लागतो. मग पुढच्या रंगाकडे. एखाद्या जागेला एकही जण पसंत नसेल तर त्या यादीच्या शेवटी "नोटा" आहे, ते दाबा, पण ती जागा सोडून निघू नका. चारही मतं पडल्यावरच लांब आवाज येतो आणि तुमचं मतदान पूर्ण होतं. पहिला दिवा लागताच पिशवी उचलून बाहेर पडणारे आजी-आजोबा दर वेळी असतात, त्यांना घरीच समजावून सांगा. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नाही, चिठ्ठी दिसणार नाही. दिवा आणि आवाज एवढ्यावरच लक्ष ठेवा. आणि हो, अ ला एका चिन्हाचं आणि ब ला दुसऱ्याचं मत दिलं तर मत बाद होतं, ही कुणीतरी मुद्दाम पसरवलेली थाप आहे. चार जागा, चार स्वतंत्र निवडणुका. चौघं चार पक्षांचे निवडलेत तरी चारही मतं धरली जातात.

प्रभाग 35 मधल्यांचं वेगळं. तिथे चारपैकी दोन जागा बिनविरोध झाल्या, त्यांना उरलेल्या दोनच जागांसाठी मत देता येईल. राज्यभरात अशा साठहून जास्त जागा मतदानाआधीच निकालात निघाल्या. तिथल्या मतदारांना नोटाचं बटणसुद्धा मिळालं नाही. ज्यांच्या यंत्रावर चारही रंग शिल्लक आहेत, त्यांनी तरी घरी बसू नये.

घरी बसण्याचा धोका यंदा मोठा आहे. गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस सलग मिळतात. कोकणातली हॉटेलं काय, महाबळेश्वर काय, बुकिंगं झाली असतील. 2017 मध्ये पुण्यात साधारण पंचावन्न टक्के मतदान झालं होतं, म्हणजे जवळपास निम्मं शहर घरी किंवा घाटात होतं. निघायचंच असेल तर सकाळी मत देऊन निघा, एक्स्प्रेसवे कुठे जात नाही.

शेवटची विनंती ज्यांच्याकडे कामाला माणसं आहेत त्यांना. मतदानाची सुट्टी भरपगारी असते. अत्यावश्यक कामात सुट्टी देता येत नसेल तर मतदानापुरती दोन-तीन तासांची सवलत द्यावी लागते. हे कारखान्यांना आणि आयटी कंपन्यांना माहीत आहे. घरातल्या धुणीभांडीवाल्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनना, दुकानातल्या पोऱ्यांना ते कुणी सांगत नाही. गुरुवारी मावशींना सकाळी बोलावू नका. वॉचमनच्या जागी सोसायटीतल्या दोघांनी आळीपाळीने तासभर गेटवर बसा.

मतदान सकाळी साडेसातला सुरू होतं आणि संध्याकाळी साडेपाचला संपतं. त्या वेळी जे रांगेत असतील त्यांना मत देता येतं. मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, पासपोर्ट, पॅन किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालेल. यादीत नावापुढे दुबार म्हणून खूण दिसली तर घाबरून परत फिरू नका, केंद्रावर ओळख पटवून आणि लेखी हमी देऊन मतदान करता येतं. मोबाइल घरी ठेवा, आणि चार नावं लिहिलेला कागद आदल्या रात्रीच नीट पाठ करून घ्या.